व्यवहार मोडला. घर परत विक्रीला कधी काढावं? (शामरावनगर, सांगली)

शामरावनगरी
शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार. एरवी मी इथं नुसता वाचणारा. आज अडलंय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

सांगलीत शामरावनगरात आमचं घर आहे. दीड गुंठा, खाली तीन खोल्या, वर माझ्या लग्नाच्या वेळी चढवलेली एक खोली. प्लॉट गुंठेवारीतला (मंजुरी न घेता गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेला), पण नियमितीकरणाचा दाखला वडिलांनी हयातीतच काढून ठेवलाय. ते गेले, आई माझ्याकडे पुण्यात, धाकटा भाऊ मिरजेत फ्लॅटवर. वारसनोंद झाली आहे, बहिणीनं हक्कसोड दिलंय. त्यात काही घोळ नाही.

पाडव्याच्या सुमारास गिऱ्हाईक आलं. नवरा कुपवाड एमआयडीसीत, बायको मिरजेत एका हॉस्पिटलात नर्स. माणसं सालस. ४६ लाखांना ठरलं. ५०० च्या स्टॅम्पवर विसार पावती, नोटरी, ३ लाख विसार, मुदत ९० दिवस. मग त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) आला आणि त्यानं घर बसवलं ३८ लाखांत. ४६ चे ८० टक्के म्हणजे ३६ लाख ८० हजार कर्ज मिळेल असा त्यांचा हिशेब होता. ३८ चे ८० टक्के धरले तर ३० लाख ४० हजार होतात. मधले ६ लाख ४० हजार आणायचे कुठून? तिथंच अडलं.

गेल्या आठवड्यात मुदत संपली. आता चौघांची चार मतं आहेत. घेणारे म्हणतात, "दादा, दुसऱ्या बँकेत टाकलंय, दोन महिने द्या." एजंट म्हणतो, उद्याच बोर्ड लावू, माझ्याकडं दोन गिऱ्हाइकं तयार आहेत. भाऊ म्हणतो, आता पाऊस, मग गणपती, मग पितृपंधरवडा, दसऱ्याला बघू. आई एवढंच म्हणते की त्या पोरीचे पैसे आधी परत द्या.

तुम्ही काय केलं असतं?

पोवईनाका
शुक्रवार, रात्री ११.१५

आधी आईंचं ऐका, मग बाकीच्यांचं. का ते सांगतो.

साताऱ्यात शाहूपुरीत माझं घर होतं. पहिल्या गिऱ्हाइकाचं जमेना, तो फोनवर म्हणाला, "जाऊ दे साहेब, आमचं काही होत नाही." मी म्हटलं बरं. आठ दिवसांत दुसरा मिळाला, तोही रोख रकमेवाला, कर्जाची भानगड नाही. त्याच्या वकिलानं पेपरात जाहीर नोटीस दिली. तुम्ही पाहिली असेल तसली, बारीक टाइपातली चौकोनी. सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास १५ दिवसांत कागदपत्रांसह कळवावे. अकराव्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाच्या वकिलाची हरकत आली. "आमच्या अशिलाचा २ लाखांचा विसार सदर मिळकतीवर आहे."

दुसरा गिऱ्हाईक त्या दिवसापासून माझा फोन उचलेना. पहिल्याला घर नकोच होतं, मी दुसऱ्याकडून जास्त घेतले म्हणून त्याच्या पोटात दुखत होतं. नऊ महिने गेले. शेवटी २ लाख आणि वर ४० हजार देऊन सही घेतली. त्याच्या पोराच्या बारशाला जाऊन आलो होतो हो मी.

काळाकोट_निवृत्त
शनिवार, सकाळी ७.०५

पोवईनाका यांना फोनवरचं 'जाऊ दे' नडलं. शामरावनगरी, तुमचाही घोटाळा तिथंच होणार आहे. ९० दिवस संपले म्हणजे व्यवहार आपोआप संपला असं तुम्ही धरून चाललाय. स्थावर मिळकतीच्या करारात 'मुदत हाच कराराचा गाभा' असं कोर्ट सहसा गृहीत धरत नाही. तसं पावतीत स्पष्ट लिहिलेलं लागतं, आणि लिहिलं असलं तरी दोघांचं वागणं त्याला धरून होतं का, ते बघितलं जातं. तुम्ही "बरं बघू" म्हणालात तर तीही मुदतवाढच.

विसारानं घर त्यांचं होत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ५४ मध्ये तसं आहे. पण त्याच कायद्यातलं कलम ५५ सांगतं की घेणाऱ्यानं स्वतः गैर कारणानं पाय मागे घेतला नसेल तर त्यानं दिलेल्या पैशाचा बोजा मिळकतीवर राहतो. शिवाय करारपूर्तीचा दावा लावायला ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं असतात. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा दावा कोर्टाच्या मर्जीवर फारसा उरलेला नाही. मात्र पैसे भरायला आपण सतत तयार आणि राजी होतो हे घेणाऱ्याला दाखवावं लागतं. म्हणून बँकेनं कर्ज कमी दिलं, आम्ही रक्कम उभी करू शकत नाही, असं त्यांच्याकडून लेखी घ्या. मग दोघांच्या सहीचं रद्दपत्र, दोन साक्षीदार, मूळ विसार पावती परत, आणि त्याच टेबलावर पैसे परत. तुमचा कागद नोटरीचा आहे म्हणून हे इतकं सोपं. साठेखत (विक्रीचा करार) नोंदवलेलं असतं तर रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागला असता.

ते सही देत नसतील तर १५ दिवसांची नोटीस, पोचपावतीसह. तोवर बोर्ड नको.

विसार बँकेतून आला ना?

शामरावनगरी
शनिवार, सकाळी ९.३०

२ लाख बँकेतून. १ लाख भावानं रोख घेतले. शकुनाचे म्हणून.

काळाकोट_निवृत्त
शनिवार, सकाळी ९.४१

शकुन महागात पडेल. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेता येत नाही, २०१५ पासून. दंड रोख घेणाऱ्याला, आणि तोही तेवढ्याच रकमेचा. परत करताना तरी सगळे ३ लाख बँकेतून करा, आणि सीएला आत्ताच सांगून ठेवा. विसार जप्त करायचा विचार असेल तर तोही सोडा. बँक नाही म्हणाली म्हणून माणूस अडला, तर झालेल्या वाजवी नुकसानीपलीकडं कोर्ट सहसा पदरात पडू देत नाही. पडलंच तर ते आयकरात इतर उत्पन्न धरलं जातं.

बोर्डवाला
शनिवार, सकाळी ११.२०

मी याच धंद्यातला, आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. वकीलसाहेबांचं बरोबर, पण बाजाराचंही ऐका. बोर्ड लागल्यावर पहिले तीन आठवडे फोन येतात. मग नुसते विचारून जाणारे उरतात. तुमचा बोर्ड पाडव्याला उतरला आणि तो परत दिसला की गल्लीत एकच प्रश्न. सुपारी फुटून मोडलेलं लग्न आणि विसार होऊन मोडलेला व्यवहार, दोन्हीकडं लोक 'खोट कुणात होती' एवढंच विचारतात. दोन महिने थांबलात तर ती चर्चा मुरते, म्हणून लगेच काढा. फक्त एजंटाला खरं कारण सांगा. मला मालक कारण सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक मात्र ते शेजाऱ्याकडून ऐकून येतं.

मिरजेची_लेक
शनिवार, दुपारी १.१०

उपमा जुनी झाली दादा. मोडलेल्या लग्नात खोट शोधणारे लोक घर घेतानाही नको ते शोधतात.

मी घेणारी बाजू. गेल्या वर्षी विश्रामबागेत घर घेतलं, तेही एकदा मोडलेला व्यवहार होता. मालकीणबाईंनी पहिल्याच भेटीत रद्दपत्राची झेरॉक्स पुढं ठेवली. म्हणाल्या, "आधीच्या लोकांची बदली झाली, हा त्यांचा नंबर, विचारा." मी विचारलं. झालं. त्याआधी जिथं जिथं गेलो तिथं 'तसं काही नाही हो' ऐकलं होतं, आणि तिथून उठून आलो होतो. (दस्त एकट्या माझ्या नावावर केला म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळाली. घेणाऱ्या जोडप्यांनी आधी विचारून ठेवा.)

शामरावनगरी, त्या दोन महिन्यांच्या विनंतीचं काय? नर्सबाईंचा नवरा मोघम बोलतोय की कुठल्या बँकेचं मंजुरीपत्र आलंय?

मोजपट्टी
शनिवार, दुपारी ४.३५

पेशानं सिव्हिल इंजिनिअर, थोडंफार व्हॅल्युएशनचं काम केलंय. तुम्ही 'कधी' विचारताय आणि सगळे त्यावरच बोलतायत, पण मला '३८ का' हे कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचाही व्हॅल्युअर हाच जिना चढून त्याच खोलीत जाणार आहे.

माझा अंदाज सांगतो. वरची खोली मंजूर नकाशात नसणार. दाखला प्लॉटचा आणि तेव्हाच्या बांधकामाचा, खोली नंतरची. बँक ती धरतच नाही, म्हणजे तुम्ही चार खोल्यांचे पैसे मागताय आणि कर्ज तीन खोल्यांवर. सातबारा सामाईक असेल तर आणखी एक शेरा. शामरावनगर म्हटल्यावर पुराच्या पाण्याचाही. शिवाय व्हॅल्युएशन आणि ठरलेली किंमत यात जी कमी ती बँक धरते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, ही रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा. त्यामुळं दुसऱ्या बँकेतही फार तर लाखभर इकडं तिकडं होईल. सहा लाख चाळीस हजार कुणी वाढवून देत नाही. त्यांचे ते दोन महिने म्हणजे आशा आहे नुसती.

तुमच्यापुढं दोनच गोष्टी. खोली नियमित होते का ते परवानाधारक इंजिनिअरकडून बघा, त्याला महिने लागतील. नाहीतर खोली वगळून किंमत लावा. बोर्ड लावण्याआधी बँकेच्या पॅनेलवरच्या एखाद्या व्हॅल्युअरकडून स्वतःच्या पैशानं अहवाल करून घ्या. पाच-सहा हजार जातील. नाही केलंत तर दिवाळीत परत असाच धागा काढाल.

आप्पा_कर्नाळरोड
शनिवार, संध्याकाळी ७.००

ह्यो मोजपट्टी बरोबर बोलतोय. आनि मला येक सांगा, पान्याचं काय? २०१९ ला पानी घरात कुठवर आलतं? गिऱ्हाइकाला सांगितलंवतं का तुमी?

शामरावनगरी
शनिवार, रात्री १०.५५

आप्पा, तुमचा प्रश्न वाचून दोन तास मोबाईल बाजूला ठेवला होता.

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईनं खिळ्यानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. सगळ्यात खालची २००५ ची, उंबऱ्याच्या वर चार बोटं. २०१९ ची माझ्या छातीला येते. २०२१ ची मांडीपाशी. पोरांची उंची लिहितात तशा, पुढं साल घातलेल्या. पाडव्याआधी घर रंगवलं तेव्हा एजंट म्हणाला, चौकटीला तेलरंग मारून घ्या. भावानं लांबी (पुट्टी) भरून चॉकलेटी रंग मारला. मला माहीत होतं.

नर्सबाईंना ते शेजारच्या वहिनींकडून कळलं. व्हॅल्युअरच्या अहवालातही २०१९ चा उल्लेख आहे. मला वाटतं पैशाची अडचण खरी आहे, पण ती एवढीच नसावी.

मोजपट्टी, खोली नकाशात नाही. बरोबर ओळखलंत.

काळाकोट_निवृत्त
रविवार, सकाळी ६.५०

मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला साध्या नजरेनं दिसणार नाही आणि तुम्हाला माहीत आहे, तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तेच कलम ५५, अगदी पहिलं पोटकलम. सांगलीत पूर आला होता हे जगाला ठाऊक आहे, असं तुमचा वकील म्हणेल. पण खुणेवर लांबी भरली तर ते म्हणायलाही तोंड राहत नाही. मी आता जास्त बोलत नाही.

बोर्डवाला
रविवार, सकाळी ९.१५

तो एजंट मी नव्हे, बरं का!

पण माझं कालचं मत थोडं मागं घेतो. रंग काढल्याशिवाय बोर्ड लावू नका. आता जे गिऱ्हाईक येईल ते आधी वहिनींच्या दारात जाईल.

आप्पा_कर्नाळरोड
रविवार, सकाळी १०.३०

लेका, लपवून काय हुनार हाय? अख्खी सांगली जुलै लागला की सकाळी उठून पयलं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बगती. कोयनेतनं किती सोडलं, पूल किती फुटावर. ४० ला इशारा, ४५ ला धोका, ह्ये शाळंतलं पोरगं बी सांगतंय. २०१९ ला ५७ च्या वर गेलं, तवा आमी माळ्यावर दोन रात्री काढल्या, म्हैस गच्चीवर. तरी कर्नाळ रोडला घरं इकली जात्यात. कारण घेनारा इचारतोय, मालक सांगतोय, आनि दर त्या हिशेबानं हुतोय.

दसऱ्याला दाखवा म्हंत्यात ते मला पटत न्हाई. कोरड्या दिसात कुनीबी घर दाखवतंय. आत्ता श्रावनात दाखवा. दारात पानी साचतंय का, किती येळात वसरतंय, गिऱ्हाईक सोताच्या डोळ्यानं बगंल. साचत नसंल तर तुमचंच भलं. साचत असंल तर ते घर दसऱ्याला घेऊन पुढच्या आषाढात तुमाला शिव्या घालनार.

पोवईनाका
रविवार, सकाळी ११.०५

आप्पांशी सहमत, पण पावसात फोटो काढू नका. आमच्याकडं एकानं जुलैत फोटो टाकले, भिंतीची ओल बघून फोनच बंद झाले. माणसं बोलवा पावसात, फोटो जुने असू देत.

मिरजेची_लेक
रविवार, दुपारी १२.२०

माझ्या कालच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पण आता विचारत नाही. नर्सबाईंना तुम्ही स्वतः भेटा. एजंट नको, भाऊ नको.

शामरावनगरी
(१७ दिवसांनी)

उशिराबद्दल क्षमस्व. काय काय झालं ते लिहितो.

मिरजेत त्यांच्या भाड्याच्या घरी गेलो, आईही बरोबर होती. मंजुरीपत्र कुठलंच नव्हतं. दुसऱ्या बँकेनं नुसते कागद ठेवून घेतले होते. मी चौकटीचं सांगितलं. नर्सबाई चहा गाळत होत्या, वळल्या नाहीत. म्हणाल्या, "मी भिलवडीची. आमच्या घरात २०१९ ला माळ्यापर्यंत पाणी होतं. रेघ दाखवली असती तरी मी घर घेणार होते, दोन-तीन लाख कमी करा म्हणाले असते." मला काही सुचलं नाही. आई म्हणाली, "चुकलं गं आमचं."

मग ४० ला देतो असंही म्हणून पाहिलं. दोघं आत जाऊन बोलून आले आणि नको म्हणाले. ते मात्र मला लागलं.

रद्दपत्र काळाकोटांनी सांगितलं तसंच केलं. बँकेनं कर्ज कमी दिलं याचं पत्र त्यांनी सही करून दिलं, मूळ विसार पावती परत मिळाली. ३ लाख एकरकमी आरटीजीएस केले, त्यांच्या मोबाईलवर मेसेज वाजला आणि मगच सगळ्यांनी सह्या केल्या. सीएनं रोखीवरून भावाला फैलावर घेतलं, ते इथं लिहीत नाही.

पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडून अहवाल करून घेतला. ३९ बसले. खोलीसाठी इंजिनिअर लावलाय, पण त्याच्यासाठी थांबत नाही. खोली 'नकाशात नाही' असं स्वच्छ सांगून ४१ मागतोय. भावाला अजून ४६ च दिसतात. आधीच्या एजंटाला नारळ दिला.

मोजपट्टी
(त्याच दिवशी)

४१ ठीक. ३९ च्या ८० टक्क्यांना ३१ लाख २० हजार. म्हणजे गिऱ्हाइकाला जवळचे १० लाखांच्या आसपास आणि दस्ताचा खर्च लागेल. फोनवरच हे आकडे सांगा, ज्याला झेपणार नाही तो येणारच नाही.

बोर्डवाला
(त्याच दिवशी)

बोर्ड लावला?

शामरावनगरी
(त्याच दिवशी)

परवा लावला. त्याआधी एक दिवस मी आणि भाऊ पॉलिश पेपर घेऊन चौकटीला बसलो होतो. चॉकलेटी रंग निघाला, लांबी निघाली, २०१९ मधला ९ आधी दिसला. २००५ ची रेघ काही नीट सापडली नाही. आई म्हणाली, राहू दे, तेवढी पुसली गेली तरी चालेल.

शामरावनगरी
(आणखी ९ दिवसांनी)

आज आयर्विनला ३१ फूट. भर पावसात एक जोडपं येऊन गेलं, बरोबर बाईंचे वडील. दारात घोट्याइतकं साचलं होतं, अर्ध्या तासात ओसरलं, तेवढा वेळ ते व्हरांड्यात उभे राहून बघत होते. रद्दपत्र वाचलं, व्हॅल्युएशन वाचलं. वडिलांनी खिशातून टेप काढून चौकटीच्या रेघा मोजल्या, मग जोत्याची उंची, मग ओट्याची. चिठ्ठीवर काहीतरी लिहून घेतलं.

मिरजेची_लेक
(त्याच दिवशी)

मग? काय म्हणाले?

शामरावनगरी
(त्याच दिवशी)

काहीच नाही. "कळवतो" म्हणाले. टेप आमच्याकडंच विसरून गेलेत.

आप्पा_कर्नाळरोड
(त्याच दिवशी)

फोन करू नगा. टेप न्यायला येत्यात का बगा. आलं तर च्या पाजा.